पॅडची जागा

मेटाटार्सल पॅड, म्हणजे इनसोलवरची छोटी उशी, चवड्यातल्या हाडांच्या डोक्यांखाली लावायचा नसतो, डोक्यांच्या मागे लावायचा असतो, हे आमच्या इनसोलच्या धंद्यात कुणाला शिकवावं लागत नाही. वाद असतो तो मागे म्हणजे किती, यावर. 5 मिलिमीटर म्हणणारे आहेत, 10 म्हणणारेही आहेत. पॅड जरासा पुढे गेला की ज्या हाडावरचा भार उतरवायचा त्याच्याच खाली खडा होऊन बसतो. मागे राहिला तर कमानीत नुसता टोचतो आणि भार होता तिथेच राहतो. कर्जतच्या बाजारपेठेतल्या माझ्या गाळ्यात बाकी सगळी कामं हात आपोआप करतात. साचा घ्यायचा, प्लास्टाझोटचा फोम 140 अंशांवर तापवायचा, ईव्हीएची कड घासून उतरवायची. ही एक जागा मात्र दर पायाला नव्यानं शोधावी लागते, आणि पहिल्याच दिवशी ती सापडल्याची खात्री मला आजवर कधी झालेली नाही.

ती जागा मी अंगठ्यानं शोधत आलो. तळव्यावर अंगठा दाबत पुढे न्यायचा. दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या मुळाशी हाडाचं टोक लागलं की त्याच्या मागच्या खळग्यात पेन टेकवायचं. गेल्या पावसाळ्यापासून उजव्या अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येतात. सकाळी उठल्यावर तर ती बोटं आहेत की नाहीत हे बघावं लागतं. डॉक्टर म्हणाले, मनगटात नस दबली आहे, इतकी वर्षं रापी आवळून धरल्यावर दुसरं काय होणार. ऑपरेशन लहानसं असतं म्हणे. मी पुढच्या महिन्यात, पुढच्या महिन्यात करतो आहे.

तोवर पाय चाचपायला भाची बसते. तिनं पनवेलला फिजिओथेरपीचं शिक्षण अर्धवट सोडलं आणि माझ्याकडे आली. घरचे माझ्यावर अजून चिडून आहेत.

इथली गिऱ्हाइकं दोन जातींची. एक ट्रेकवाले. शनिवारी पहाटेच्या लोकलनं उतरतात आणि आंबिवलीहून पेठच्या किल्ल्यावर, कोंदिवड्याहून राजमाचीला, नाहीतर खांडसहून भीमाशंकरला जातात. रविवारी संध्याकाळी लंगडत परत येतात तेव्हा माझा गाळा त्यांना दिसतो. दुसरे मधुमेहाचे. खोपोली-खालापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत लोखंडी टोपीचे सेफ्टी शूज घालून आठ-आठ तास उभे राहिलेले कामगार, आणि आसपासच्या वाड्यांतल्या बायका. ट्रेकवाल्याचा पाय बोलतो. पॅड चुकला असेल तर तो स्टेशनपर्यंतही जात नाही, अर्ध्या रस्त्यातून माघारी येऊन भांडतो. मधुमेहवाला पॅड चुकला तरी आणि बरोबर बसला तरी एकच म्हणतो, ‘‘छान वाटतंय.’’ 10 ग्रॅमला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवला तरी ज्याला पत्ता लागत नाही, त्याच्या ‘छान’ला काय अर्थ? त्याचा जबाब महिन्या-दीड महिन्यानं येतो. आधी लाल डाग, मग घट्टा, मग घट्ट्याखाली पाणी.

मध्यंतरी पुण्याचा एक मुलगा स्कीचे बूट घेऊन आला. गुलमर्गला शिकायला निघाला होता, बूट कुणाकडून तरी जुने मिळाले होते आणि इनसोल बनवून देणारं कुणी सापडत नव्हतं. तसला बूट मी आयुष्यात पहिल्यांदाच हातात धरला. बाहेर कडक प्लास्टिकचं कवच, आत काढता येणारं मऊ अस्तर. अस्तर काढून नुसत्या कवचात पाय घालायचा, बोटं पुढे टेकवायची आणि टाचेमागे किती बोटं जातात ते बघायचं. एक ते दोन बोटं गेली तर माप बरोबर. हे त्यानंच मला शिकवलं. परदेशात असे बूट बसवून देणारा हा स्वतंत्र कारागीर असतो. कवच तापवून लागेल तिथे फुगवतो आणि आत पायाच्या साच्यावरचा इनसोल घालतो. मला त्या कारागिरांचा हेवा वाटला. स्कीच्या बुटात पाय जखडलेला असतो, चालायचा नसतो. उभं राहून जी जागा सापडेल ती दिवसभर तिथेच राहते. आमच्या गिऱ्हाइकाचा पाय बसल्यावर एक असतो, उभं राहिल्यावर लांबतो, पसरतो. टाच उचलली की सगळा भार पुढे धावतो. त्यात बोटं आखडलेली असली तर हाडांखालची चरबीची गादीही पुढे सरकून गेलेली असते. जागा शोधायची ती यातल्या कुठल्या पायात?

माझं उत्तर उभ्या पायाचं होतं. मुंबईत हाजीअलीच्या पुनर्वसन संस्थेतल्या वर्कशॉपमध्ये मी मदतनीस म्हणून लागलो, तिथे मास्तरांनी तेच शिकवलं. ती संस्था 1955 सालची, आणि आमच्या वेळचे जुने लोक वेल्लोरच्या गोष्टी सांगत. डॉ. पॉल ब्रँड 1946 मध्ये वेल्लोरला आले. कुष्ठरोग्यांच्या तळव्याचे व्रण रोगानं मांस सडून होत नाहीत, बधिर पायावर पुन्हा पुन्हा तिथेच दाब पडून होतात, हे त्यांनी दाखवलं. मग चपलेसाठी रबराचा शोध सुरू झाला आणि मायक्रोसेल्युलर रबर, आमच्या भाषेत एमसीआर, पायाखाली आलं. साधारण 15 शोअरचा मऊपणा, तरी दाबलं की तळाला न जाणारं. त्याहून साधं आणि चांगलं सामान मी वापरलेलं नाही. पण सरकारी वाटपातली ती चप्पल लांबून ओळखू यायची. घातली की गावाला कळलं. म्हणून लोक ती पिशवीत ठेवत आणि अनवाणी चालत. पनवेलजवळच्या नेऱ्याला शांतिवन या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत ती घालायला कुणाला लाज वाटायची नाही, वेशीबाहेर वाटायची. तेव्हापासून माझा नियम आहे की इनसोल बाजारातल्या चपलेत, बुटात बसलाच पाहिजे आणि वरून काही दिसता कामा नये.

हल्ली मॉलमध्ये काचेच्या पाटावर उभं करतात, पडद्यावर लाल-निळा पाय येतो आणि तीन तयार इनसोलांतला एक दोन हजारांना हातात मिळतो. चित्र खोटं नसतं. पण ते उभ्या पायाचं असतं, आणि ते दाखवणारा तुमच्या पायाला हातही लावत नाही. त्याहून वाईट ते मेमरी फोम. दुकानात पाय घातला की गिऱ्हाईक सुखावतं. महिन्याभरात फोम चेपतो आणि हाड सरळ सोलवर येतं. मऊ म्हणजे चांगलं, हे खूळ लोकांच्या डोक्यातून निघत नाही.

आणि माझा हा सगळा राग निव्वळ लोककल्याणाचा नाही, हेही सांगून टाकतो. प्रत्येक इनसोलच्या खालच्या बाजूला मी पेनानं एक छोटी खूण करतो. कुणी ती बघत नाही, मी बघतो. मुंबईच्या एका सर्जननं पेशंटबरोबर पाठवलेली चिठ्ठी, ‘यांच्याकडूनच बनवा’, गल्ल्याच्या काचेखाली अजून आहे, शाई उडाली तरी. जयपूर फूट या कृत्रिम पायाचा विषय निघाला की मी मास्टर रामचंद्र शर्मांचं नाव आधी घेतो. 1968 च्या त्या पायाला हात लागले ते त्या कारागिराचे, आणि 1981 चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या डॉ. सेठींना. डॉक्टर मोठेच होते. पण ही गोष्ट सांगताना मी कुणासाठी भांडत असतो ते माझं मला ठाऊक आहे.

तर भाची. तिनं माझा अंगठा उसना घ्यायचं नाकारलं. भादव्यात एक ठाकूर मावशी आल्या. लावणीचे दिवस चिखलात उभ्या राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या, आणि दुसऱ्या बोटाखाली रुपयाएवढा घट्टा. पोरीनं पर्समधून लिपस्टिक काढली आणि घट्ट्यावर जाड ठिपका दिला. लिपस्टिक आम्हीही वापरत आलो, ठिपका उमटवून जागा घ्यायची पद्धत जुनीच आहे. पण आम्ही मावशीला उभं करून ठिपका घेतला असता. हिनं चपलेत पांढरा फोम घातला आणि त्यांना बाजारपेठेच्या टोकापर्यंत चालवून आणलं. मावशी तोंडाला पदर लावून हसत होत्या, ‘‘म्हातारीच्या पायाला लाली!’’

फोम काढला. ठिपका एकटा नव्हता, पुढे ओढला जाऊन त्याच्या मागे शेपूट उमटली होती, बोटाच्या पेराएवढी. भाचीनं पॅड ठिपक्यावरून मोजला नाही, शेपटीच्या मागच्या टोकावरून मोजला. माझ्या हिशोबापेक्षा 4 मिलिमीटर मागे.

‘‘मामा, तुम्ही दाबून बघा.’’

मी दाबलं. अंगठ्याला काही लागलं नाही. ‘‘मागे गेलाय,’’ मी तरी म्हणालो.

ती काही बोलली नाही, सोल्युशन लावून पॅड चिकटवला. पुढचे दीड महिने त्या मावशी परत याव्यात आणि घट्टा वाढलेला असावा, असं मला मनातून वाटत होतं. बाईच्या पायाचं वाईट चिंतत होतो, त्याला दुसरं नाव नाही. त्या दिवाळीनंतर आल्या. घट्टा पातळ झाला होता, कडेची कातडी मऊ होती. भाचीनं रापीनं उरलेला खरवडला आणि आपली वही काढून आकडा लिहिला. खालची खूण तिनं माझीच ठेवली आहे. ते मला आवडलं नाही, आणि ती पुसावी असंही वाटलं नाही.

सगळ्या पायांना तिचं गणित लागतं असं मी अजून मानत नाही. कमान पूर्ण बसलेल्या पायात शेपूट उमटतच नाही, फोमभर नुसता लाल फराटा येतो. तिथे अंगठाच हवा. तिचा आहे, पण तिला अजून हाडाचं टोक आणि कडक झालेली कातडी यातला फरक लागत नाही. आम्ही यावर रोज भांडतो.

इनसोल कुठूनही बनवा, पण जाताना जुनी, झिजलेली चप्पल बरोबर न्या, नवी नको. संध्याकाळी जा, तेव्हा पाय फुगलेला असतो. तुम्हाला न चालवता जो माप घेईल आणि ‘पंधरा दिवसांनी दाखवायला या’ असं म्हणणार नाही, त्याला पैसे देऊ नका. साखर असेल तर नवा इनसोल पहिल्या दिवशी तासभरच घाला, काढल्यावर घरच्या कुणाला तरी तळवा बघायला सांगा. लाली वीस मिनिटांत गेली नाही तर इनसोल बाजूला ठेवा आणि घेऊन या. आमचा गाळा सोमवारी बंद असतो.