सव्वापाचचा अंधार

नातेवाइकांबरोबर बेटावर जाण्यात एक मोठा धोका असतो. तिथून रागावून निघून जाता येत नाही. महाबळेश्वरला एखादी मावशी रुसली तर ती साताऱ्याची एस.टी. धरू शकते. अंदमानात रुसणाऱ्यालासुद्धा बोटीचं तिकीट आधी काढून ठेवावं लागतं.

२६ जानेवारीला जोडून रजा टाकून आम्ही अकरा जण पुण्याहून निघालो. त्यांत माझे थोरले काका आणि धाकटे काका होते. गावच्या घराच्या वाटणीत परसातला फणस कुणाचा, यावरून हे सख्खे भाऊ नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. अगदीच बोलत नव्हते असं नाही, मध्यस्थामार्फत बोलत. "त्यांना म्हणावं, पंखा बंद करू का?" "म्हणावं, ज्याला थंडी वाजते त्यानं पांघरूण घ्यावं." हे सगळं एकाच खोलीत, चार फुटांवरून. मध्यस्थ मी. बिनपगारी.

दोघांना एकत्र आणलं आत्यानं. "मला सेल्युलर जेल बघायचाय, आणि दोन्ही भावांबरोबर बघायचाय," असं तिनं पंचाहत्तरीच्या जोरावर जाहीर केलं. सावरकर १९११ साली इथे आले. त्या कोठडीसमोर आमची अकराही तोंडं आपोआप बंद झाली. (हे आमच्या घराण्यात सहसा होत नाही.) थोरले बंधू बाबारावही याच तुरुंगात होते, पण भावाभावांना भेटू देत नसत, असं गाइडनं सांगितलं. आत्यानं वळून आपल्या भावांकडे पाहिलं. दोघेही छत न्याहाळत होते.

दुसऱ्या दिवशी दोनेक तासांच्या बोटीनं स्वराजद्वीपला, म्हणजे २०१८ पर्यंतच्या हॅवलॉकला गेलो. राधानगरचा किनारा इतका सुंदर, की धाकट्या काकूंनी चिवड्याचा डबा उघडायचा राहून गेला. आणि ऐन रंगात आलो असताना, सव्वापाचला, सूर्य बुडाला! सबंध भारताचं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेलं, आणि अंदमान त्याच्याही दहा अंश पूर्वेला. पुण्यात त्या वेळी मंडळी दुपारचा चहा संपवून विसळत असतील.

आता जेवण आठ वाजता. मधले तास करायचं काय? भेंड्या झाल्या, तीनदा 'ण' आला, भांडण होऊन बंद पडल्या. मग वीज गेली. हॉटेलच्या ओट्यावर आम्ही, समोर माडांच्या सावल्या आणि समुद्राचा आवाज. मी मेणबत्ती शोधायला आत गेलो.

तेवढ्यात ओट्यावरून थोरल्या काकांचा आवाज आला, "त्यांना म्हणावं, असलेच माड आपल्या परसात होते. फणस तर आईनंच लावलेला."

निरोप पोचवायला मी जागेवर नव्हतो. क्षणभर शांतता. मग धाकटे काका थेट कडाडले, "आईनं नाही, मी लावला! आठळी मी आणली होती, मामाकडून!"

"तू? तू तेव्हा चड्डीची नाडी बांधून घ्यायला माझ्याकडे यायचास!"

"आणि तू गाठ मारून ठेवायचास! सुटायची नाही!"

मी मेणबत्ती घेऊन धावत आलो. आत्या म्हणाली, "विझव ती. भांडू देत. नऊ वर्षांत पहिल्यांदा एकमेकांशी भांडतायत."

भांडण जेवणापर्यंत चाललं. फणसावरून ते विहिरीवर गेलं, तिथून मामाच्या बैलावर, आणि बैलाच्या नावाशी आल्यावर दोघांचं एकमत होऊन थांबलं. फणसाचा निकाल लागला नाही. अजूनही लागलेला नाही.

परतीच्या बोटीत समुद्र खवळलेला होता. बोट लागू नये म्हणून घ्यायच्या गोळ्या आदल्या दिवशीच संपल्या होत्या. थोरल्या काकांच्या खिशात एकच सापडली. तिचे त्यांनी नखानं दोन तुकडे केले, ते सारखे झाले नाहीत. धाकट्या काकांनी दोन्ही तुकडे उजेडात धरून नीट पारखले आणि लहान उचलला.