मधल्या फळीचं देणं

माझ्या फुटबॉलवर दोन माणसांचं ऋण आहे. एक कामठीचे आमचे मास्तर, ज्यांनी मला घडवलं. दुसरे विजय बारसे सर. त्यांच्या हाताखाली मी कधी खेळलो नाही, तरी खेळ थांबल्यावर काय करायचं हे मला त्यांच्या कामाने दाखवलं.

कामठी ही नागपूरजवळ इंग्रजांनी 1821 साली वसवलेली छावणी. फुटबॉल तिथे पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला. रब्बानी क्लबचं नाव तिथलं पोट्टं चालायला लागायच्या आधीच ऐकतं. मास्तरांनी मला मिडफिल्डला उभं केलं. चेंडू पायाशी येण्याआधी दोन्ही खांद्यांवरून मागे बघायचं, अंग अर्धं गोलकडे वळवून ठेवायचं, पहिल्या स्पर्शातच चेंडू पुढे घ्यायचा, हे सगळं त्यांनी अंगवळणी पाडलं. बचावाकडून आलेला चेंडू फॉरवर्डच्या धावेपुढे टाकायचा. गोल त्याच्या नावावर लागला तर आनंद मानायचा. माझे पहिले बूट त्यांनीच घेऊन दिले. फी कधी घेतली नाही. त्या शिकवणीवर मी नागपूरच्या लीगमध्ये खेळलो, खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी मिळाली, आईवडिलांचं म्हातारपण सुखाचं झालं.

गुडघ्याने खेळ थांबवला तेव्हा मास्तर हयात नव्हते. ज्यांच्यामुळे सगळं मिळालं त्यांना काहीच देता आलं नाही, ही बोच मनात राहिली.

त्या काळात बारसे सरांचं काम डोळे उघडून पाहिलं. ते नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात खेळाचे शिक्षक होते. पावसात फुटक्या बादलीलाच चेंडू करून खेळणारी झोपडपट्टीतली मुलं त्यांना दिसली. खेळात गुंतलेलं पोर तेवढा वेळ तरी वाईट नादापासून दूर राहतं, हे त्यांनी ओळखलं. 2001 साली त्यांनी अशा मुलांची स्पर्धा भरवली. त्यातून ‘झोपडपट्टी फुटबॉल’, म्हणजे आजचं ‘स्लम सॉकर’, उभं राहिलं. इथलाच अखिलेश पॉल 2010 साली रिओला झालेल्या होमलेस वर्ल्ड कपमध्ये, म्हणजे बेघरांच्या जागतिक फुटबॉल स्पर्धेत, भारताचा कप्तान होता. 2016 साली संस्थेला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला. 2022 साली सरांच्या कामावरचा ‘झुंड’ चित्रपट आला आणि ते काम देशभर पोचलं.

होमलेस वर्ल्ड कपचा खेळ मला फार भावतो. मैदानात एका संघाचे चौघंच, सात-सात मिनिटांचे दोन डाव. एवढ्याशा जागेत कडेला उभं राहायची सोयच नाही. चेंडू प्रत्येकाकडे येतोच. ज्याला शाळेत, घरात, मोहल्ल्यात कुणी विचारत नाही, त्या पोराच्या पायाशीही येतो, आणि पुढे काय करायचं हे त्यालाच ठरवावं लागतं. अशा पोरांना याहून मोठं शिक्षण मी पाहिलेलं नाही.

म्हणून आता मी आमच्या वस्तीतल्या पोरापोरींना संध्याकाळी खेळवतो. चौघांचे संघ करतो आणि मास्तरांनी मला जे शिकवलं तेच शिकवतो. नागपुरात माझ्यासारखे पाय थकलेले खेळाडू पुष्कळ आहेत. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: आपल्यालाही कुणीतरी फुकट शिकवलं होतं. आपल्या मोहल्ल्यातल्या एका तरी पोट्ट्याला तेवढं शिकवा.