बाई, थर्माकोल आहे तरी बर्फ का राहत नाही?



आठवीला उष्णतेचा पाठ घेताना मी दरवर्षी एक गोष्ट सांगते. १८३३ साली बोस्टनहून ‘टस्कनी’ नावाचं शिडाचं जहाज १८० टन बर्फ घेऊन निघालं आणि चार महिन्यांनी कलकत्त्याला पोचलं. वीज नाही, यंत्र नाही, वाटेत दोनदा विषुववृत्त ओलांडलं, तरी १०० टनांच्या आसपास बर्फ शिल्लक होता. पुढे तसाच बर्फ मुंबईलाही येऊ लागला, फोर्टात त्याच्यासाठी बर्फघर बांधलं गेलं. या व्यापारात बर्फाभोवती लाकडाचा भुसा भरत. मग मी विचारते, आपल्या लालबागला बर्फवाला लादीवर गोणपाट का टाकतो? वर्ग ओरडतो, ‘थंडी बाहेर जाऊ नये म्हणून!’ आणि मी सांगते, थंडी कुठे जात नाही, उष्णता आत येते.

गेल्या वर्षी इथपर्यंत आले आणि मागच्या बाकावरून आवाज आला, ‘बाई, आमच्या बोटीत तर थर्माकोल हाय. तरी बर्फ ऱ्हात नाय.’

हा मुलगा शिवडी कोळीवाड्यातला. वडिलांची जुनी लाकडी बोट भाऊच्या धक्क्याला लागते. बोटीच्या पोटात बर्फाचा खण, त्यातच मासळी. बर्फ आधी संपला की मासळी मऊ पडते आणि लिलावात भाव पडतो, हे त्याने मला सांगितलं.

मला फार आनंद झाला. पुस्तक आणि जगणं जोडायची संधी चालून आली होती! फळ्यावर गणित मांडलं. थर्माकोल पाच सेंटिमीटर जाड, आत शून्य अंश, बाहेर ३० अंश. एका चौरस मीटरमधून सेकंदाला साधारण २१ ज्यूल उष्णता आत येते. दिवसाचे सेकंद ८६,४००. एक किलो बर्फ वितळायला लागतात ३३४ किलोज्यूल. म्हणजे चौरस मीटरमागे दिवसाला साडेपाच किलो बर्फ गेला. खणाच्या सगळ्या बाजू मिळून १५ चौरस मीटर धरल्या तर रोज ऐंशी किलो. जाडी दुप्पट केली की चाळीस. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी त्या मुलाला म्हटलं, ‘बाबांना सांग, आतून अजून दोन इंच लावा.’

त्यांनी लावलं. बाईंनी सांगितलं म्हणून लावलं.

पंधरा दिवस फरक दिसला. मग पुन्हा तेच. मे महिन्यात पालकांना शाळेत बोलावलं होतं तेव्हा त्याचे वडील शांतपणे म्हणाले, ‘बाई, जाडी वाढली, मासळीची जागा कमी झाली. बर्फ तेवढाच लागतो.’ त्या पैशात मुलाच्या क्लासची फी भरायची होती, हे मला नंतर दुसऱ्या एका पालकाकडून कळलं. मला घरी जाऊन जेवण गेलं नाही.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हाच बोटींची डागडुजी होते. जूनमध्ये खण उघडणार होते, मी म्हटलं, मीही येते. सुताराने आतल्या फळ्या काढल्या आणि मागचं जुनं थर्माकोल बाहेर आलं. काळपट आणि जड. पाट पिळावा तसं पाणी गळत होतं. नवा थरही सांध्यांमधून भिजलेला. शाळेच्या तराजूत आम्ही नंतर जुन्याचा आणि नव्याचा सारख्या मापाचा तुकडा ठेवला, तर नव्याकडचं पारडं सरळ वरच राहिलं.

चूक इथे होती. थर्माकोलमध्ये जवळजवळ सगळी हवाच असते, आणि अडवण्याचं काम ती कोंडलेली हवा करते. त्या जागी पाणी शिरलं की संपलं, कारण पाण्यातून उष्णता स्थिर हवेच्या वीसपटीहून जास्त वेगाने जाते. माझं गणित बरोबर होतं, पण ते कोरड्या थर्माकोलचं होतं. ‘ओलं आहे का?’ हे मी विचारलंच नव्हतं.

पाणी येत होतं दोन वाटांनी. एक, आतल्या अस्तराच्या चिरांतून आणि नळीच्या तोंडाशी. दुसरी वाट मला स्वतःला सुचायला हवी होती: गार पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम येतो ना, तसंच. दमट हवा बाहेरून शिरते आणि गार थरापाशी तिचं पाणी होतं.

मग सगळं काढून लाकूड वाळवलं. बाहेरच्या, म्हणजे गरम बाजूला जाड प्लास्टिक, त्यावर पफच्या लाद्यांचे दोन थर, एकाचे सांधे दुसऱ्याच्या सांध्यांवर येणार नाहीत असे. आतून फायबरचं अखंड अस्तर, त्यात एकही खिळा नाही. प्लास्टिक आणि बोटीच्या फळ्यांमध्ये सुताराने हवेला फट ठेवली, नाहीतर फळ्या कुजतात, म्हणाला. हे पुस्तकात नाही. झाकणाला रबरी पट्टी लावली. पाणी काढायच्या नळीला खाली वाक दिला, त्यात थोडं पाणी साठून राहतं. नाहीतर गार हवा जड म्हणून तिथूनच निघून जाते. इंजिनाच्या बाजूला एक थर जास्त. या वेळी मी कसलाही सल्ला दिला नाही, फक्त टेप धरली.

यंदा वर्गात हाच प्रयोग घेतला, तुम्हीही घ्या. दोन सारखे डबे, दोन्हीभोवती कापूस, एकाचा कोरडा आणि एकाचा साध्या पाण्यात भिजवलेला. आत सारख्या वजनाचा बर्फ. तासाभराने वितळलेलं पाणी मोजा. मुलांना आधी अंदाज वहीत लिहायला लावा, निम्मी मुलं ‘ओला गार असतो’ म्हणून ओल्यावर पैज लावतील. पंखा मात्र बंद ठेवा. वाऱ्याने ओला कापूस स्वतःच गार होतो आणि प्रयोग फसतो. आमचा पहिल्यांदा फसला.

ऑगस्टमध्ये बोट समुद्रात गेली. मुलाने मागितली म्हणून त्याला एक वही दिली आहे. खणातून निघणारं पाणी बादलीने मोजून वडील आकडा सांगतात आणि हा लिहितो. लिटरभर पाणी म्हणजे किलोभर बर्फ. पहिल्या फेरीच्या आकड्याखाली त्याने लिहिलंय, ‘मासळीचं पाणी पण यात आलं, ते वजा कसं करायचं?’ मी अजून विचार करते आहे. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर कळवा.