खुडूक

मराठीत उबेचे शब्द आईच्या वाट्याला आले आहेत. कोंबडी खुडूक होते, एकवीस दिवस अंड्यांवर बसते, पिले पंखांखाली घेते. कोंबड्याकडे उरते ती बांग. त्यामुळे खुडूक झालेला नर मी प्रथम पाहिला, तेव्हा त्याच्यासाठी माझ्याजवळ शब्दच नव्हता. तो नर इमूचा होता.

माझ्या थोरल्या मामेभावाने २००९ साली सांगली जिल्ह्यातल्या आपल्या माळावर जाळी ठोकून इमूच्या सहा जोड्या आणल्या. आंध्र, तामिळनाडू आणि महाराष्ट्रातले कितीतरी शेतकरी त्या काळी या मूळच्या ऑस्ट्रेलियातल्या पक्ष्याकडे वळले होते. मांस, तेल, कातडे, पिसे, काहीच वाया जात नाही, असे पक्षी विकणाऱ्या कंपनीचा माणूस सांगे. पिले परत विकत घेण्याची हमीही त्याने कागदावर दिली होती.

थंडी पडली की रात्री मादीच्या गळ्यातून दूरच्या ढोलासारखा घुमारा उठे आणि दोन-तीन दिवसांआड एक अंडे सापडे. अळूच्या पानासारखे गर्द हिरवे, अर्ध्या किलोहून जड. रानात मादी अंडी घालून निघून जाते आणि नर बसतो. सुमारे आठ आठवडे तो जवळजवळ काही खात-पीत नाही. अंगावरच्या चरबीवर जगतो, दिवसातून अनेकदा उठून अंडी फिरवतो आणि वाळून जातो. पुढे कित्येक महिने पट्टेरी पिलांना घेऊन तोच हिंडतो.

माळावर मात्र त्याला बसू देत नसत. नर बसला की मीलन थांबते आणि अंड्यांचा हिशेब बिघडतो. म्हणून अंडे पडताच ते उचलून उबवणी यंत्रात जाई. यंत्राची खोली वहिनी सांभाळे. वीज गेली की मध्यरात्री जनरेटर सुरू करायला तीच धावे. इमूच्या गडद कवचातून उजेड आरपार जात नाही. कोंबडीच्या अंड्यासारखे दिव्यासमोर धरून आतला जीव पाहता येत नाही. म्हणून शेवटच्या दिवसांत अंडी सपाट जागी ठेवून ती शीळ घाली. जिवंत अंडे हळूच डुले. ज्या घरात बायकांनी शीळ घालणे अभद्र मानले जाई, त्या घरात माझी वहिनी अंड्यांशी शिळेने बोलत होती.

पिलांना गिऱ्हाईक होते. पण प्रत्येक गिऱ्हाईक हा नवा पाळणाराच होता. खाटीक कधी आला नाही, तेलाचा व्यापारी आला नाही. अंड्यातून पिलू, पिलातून जोडी, जोडीतून पुन्हा अंडे. त्या फेऱ्यात खाणारा कुठेच नव्हता. २०१२ साली तामिळनाडूतल्या ईरोड जिल्ह्यात इमूत पैसे गुंतवलेल्यांच्या तक्रारी पोलिसांपर्यंत गेल्या, आणि पाहता पाहता आमच्याकडचे नवे पाळणारेही यायचे थांबले. हमी देणाऱ्या माणसाचा फोन लागेना. खाद्याचे बिल मात्र दर महिन्याला येतच होते.

त्या थंडीत मी माळावर गेलो, तेव्हा यंत्राची खोली बंद होती. जाळीच्या कोपऱ्यात, पालापाचोळ्यावर एक नर मान जमिनीला टेकवून बसला होता.

"दादा, अंडी उचलायची नाहीत?"

"कुणासाठी उचलू?" तो म्हणाला. "बसू दे त्याला. इतकी वर्षं आपण बसू दिलं नाही."

आठ आठवड्यांनी सात पिले बाहेर आली. त्यांना दर नव्हता, गिऱ्हाईक नव्हते, उद्या त्यांचे काय करायचे हेही कुणाला ठाऊक नव्हते. हाडे वर आलेला बाप त्यांना घेऊन जाळीच्या कडेने चालत होता. वहिनी उंबऱ्यात उभी राहून बोटाने पिले मोजत होती. दादाने काही न बोलता कोंड्याची आणखी एक पाटी भिजवली.