रतनगड, एक झिरा आणि धाकट्याचं अर्धं एकर



आजची नोंद पिकाची नाही, पायपिटीची आहे. पण शेवटी ती आमच्या बांधावरच येऊन थांबते, म्हणून इथं लिहितोय.

आमचं रान प्रवरेच्या कालव्यावर. वरचे दोन एकर माझे, त्याच्या खाली धाकट्या भावाचे. माझा ऊस, त्याचाही ऊस. पण त्याच्या खालच्या अर्ध्या एकरात तीन वर्षांपासून मीठ फुटतंय. तो म्हणायचा, "दादा, तुझं रात्रीचं पाणी माझ्यात उतरतं." मी म्हणायचो, "तुझी जमीनच भारी, निचरा नाही तिला." शब्दाला शब्द वाढला आणि दोन वर्षं बोलणं फक्त कामापुरतं राहिलं.

फेब्रुवारीच्या शेवटी पाळी संपली, हाताला जरा उसंत होती. ज्या नदीवर आपण जगतो तिचा उगम एकदा तरी पायाने बघावा असं फार दिवस मनात होतं. मंडळी म्हणाली, "एकटे कशाला जाता डोंगरात?" तिचं बरोबर होतं, तरी निघालो. पहाटे चारला गाडीला किक मारली. अकोले, राजूर, मग भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा घालून पावणेसातला रतनवाडी. अमृतेश्वराला हात जोडले आणि सातला चालायला लागलो. पाठीवर तीन लिटर पाणी, भाकरी, ठेचा, गूळ.

सुरुवातीची वाट ओढ्याच्या काठाने आहे. ओढा दोन-चार वेळा ओलांडावा लागतो. हीच आपली प्रवरा. गुडघाभरही नाही, नुसते दगड आणि मधेमधे डबकी. दोन्ही अंगाला खाचरं. काही ठिकाणी राबासाठी पालापाचोळा, शेण अंथरून ठेवलेलं. चढावर वरकस जमिनीत नाचणी-वरईचे सड. पुढं रान दाट होतं. हिरडा, जांभूळ आणि कारवीचे सांगाडे. पायाखाली पाल्याचा थर एवढा की काठी वीतभर आत जाते. आमच्या रानात पाचट पेटवून देतात, ते आठवलं.

वर एक फाटा लागतो. उजवीकडची वाट गडावर, दुसरी कात्राबाईच्या खिंडीकडं, ती पुढं हरिश्चंद्रगडाकडं निघते. माझं लक्ष झाडांत, मी चुकीची वाट धरली. तासभर चढलो. शिड्या येईनात. मोबाईलला रेंज नाही. हाक मारली तर आपलाच आवाज परत येतो. खरं सांगतो, पोटात गोळा आला. पाय मुरगळला असता तर दुसऱ्या दिवसापर्यंत कुणाला पत्ता लागला नसता. डोंगरात एकट्याने जाऊ नये हे त्या तासाभरात पटलं. तुम्हीही जाऊ नका. वाटाड्या घ्या, त्या गावात चार पैसे राहतात.

आल्या वाटेने उतरत होतो तर ओढ्यात एक म्हातारी बसलेली. वरच्या वस्तीतली. वाळूत हातभर खोल झिरा खणलेला, वाटीने गाळून गाळून हंडा भरत होती.

"कुठं रं एकलाच?"

"गडावर निघालो होतो आजी, वाट चुकली."

"फाट्यावरनं उजवीकडं जायाचं हुतं." मग विचारलं, "गाव कंचं?"

"खाली, संगमनेरकडचा."

"म्हंजी धरणाचं पानी तुमाला." हात थांबला नाही तिचा. "बरं हाय. लांब गेलं, पन कुनाला तरी लागलं."

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर सोपं गेलं असतं. हंडा भरायला पाऊण तास लागतो म्हणाली. एप्रिलात त्याहून जास्त. या घाटमाथ्यावर वर्षाला पाच हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आमच्याकडं जेमतेम साडेचारशे. पण इथला पाऊस खडकावरून पळून जातो. १९२६ साली बांधून झालेल्या धरणात तो साठतो, अकरा टीएमसी, आणि पाटाने आमच्यापर्यंत येतो.

मी तिचा हंडा वर चढवून दिला आणि पुन्हा गडाची वाट धरली. दोन शिड्या, मग कातळातले दरवाजे. बाराला नेढ्यात बसलो. वारा असा की टोपी धरून बसावं लागतं. समोर अलंग, मदन, कुलंग, पलीकडं कळसूबाई, खाली निळं धरण. भाकरी खाता खाता डोक्यात हिशेब सुरू झाला. एक एकर म्हणजे साधारण ४,००० चौरस मीटर. दहा सेंटीमीटर पाणी उभं केलं तर चार लाख लिटर. पंधरा लिटरचा हंडा धरला तर सत्तावीस हजार हंडे. एका एकराला, एका पाळीत. आणि मी तर रात्री दारं उघडून झोपतो. सरी भरून पाणी बांध ओलांडून खाली जातं, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. धाकटा खोटं बोलत नव्हता.

पाचला खाली उतरलो. रात्री घरी न जाता आधी त्याच्या ओट्यावर गेलो. म्हटलं, "तुझं बरोबर होतं." तो काही बोलला नाही. वहिनीने चहा टाकला.

नंतर त्याच्या मातीचा रिपोर्ट दोघांनी मिळून बघितला. क्षारता ६.२ डेसीसायमन, सामू ८.३. क्षारता चारच्या वर आणि सामू साडेआठच्या आत, म्हणजे जमीन क्षारयुक्त आहे, चोपण नाही. अशा जमिनीला नुसतं जिप्सम टाकून पैसे घालवू नका. आधी निचरा, मग चांगल्या पाण्याने क्षार धुऊन काढायचे, मग ढैंचा गाडायचा. बांधालगत चर खणलाय, निम्मा खर्च माझा. माझ्या एका एकराला ठिबक बसवलंय. दुसऱ्याला पैसे जुळले की. तोवर तिथं एकाआड एक सरी, आणि दारं धरायला दिवसाची पाळी मागून घेतो.

अर्धं एकर लगेच सुधारणार नाही, दोन-तीन वर्षं जातील. पण परवा धाकट्याने आपणहून विचारलं, "पुढच्या वर्षी गडावर मी येऊ का?"

तुमच्याकडं कुणाचं पाणी कुणाच्या रानात उतरतं? चर खणला असेल तर खोली किती ठेवली, तेवढं लिहा.