अम्मींचा गवती चहा

येवल्यातल्या आमच्या जुन्या घराच्या अंगणात, मोरीच्या कडेला, गवती चहाचा मोठा ठोंब होता. अम्मींनी लावलेला. सर्दी-खोकल्याचे दिवस आले की गल्लीतली मुले पाती मागायला येत. अम्मींनी कधी कोणाला परत पाठवले नाही. आपण लावलेल्या झाडाचे माणसाने, पाखराने किंवा जनावराने खाल्ले तर तो सदका होतो, ही हदीस त्या नेहमी सांगत.

अम्मींच्या इन्तेकालनंतर ते घर पाडून आम्हा दोघा भावांची दोन घरे बांधायचे ठरले. अंगण त्यात जाणार, म्हणून ठोंब हलवणे भाग होते. आपांना मनमाडहून बोलावले. कामे दोन होती : ठोंब फोडणे आणि हक्कसोड पत्रावर त्यांची सही.

पहिले दोन पाऊस होऊन माती भिजली होती. आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी होते. तेव्हा ठोंब काढला तर मुळे तुटतात आणि नवे रोप उन्हाने जळते. म्हणून जूनअखेर ते जुलै हाच काळ बरा. आधी वीतभर ठेवून पाती कापली. मग थोडे अंतर सोडून चारी बाजूंनी कुदळीने खणले आणि पहार घालून ठोंब उचकटला. मधला भाग वाळून पोकळ झाला होता. बरीच वर्षे न फोडलेल्या ठोंबाचे असेच होते; कडेचे फुटवे जोमात, आतले गुदमरलेले. गवती चहा बियांवर नाही, फुटव्यांवरच वाढवावा लागतो.

वाळका भाग टाकून दिला. दोन-तीन फुटवे आणि त्यांना मुळे, अशा जुड्या सोडवल्या. पंधरा निघाल्या. आम्ही सहज पाच-पाचचे तीन वाटे घातले. आपांनी आपला वाटा ओल्या गोणपाटात बांधला, हात धुतले आणि विचारले, "सही कुठे करायची?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. गवताच्या ठोंबात बहिणीचा वाटा काढा, हे आम्हाला कोणी सांगावे लागले नव्हते. घराच्या वेळी मात्र तो आठवलाही नाही. "आपा खुशीने सोडतात," असे आम्ही सगळ्यांना सांगत होतो. पण कागद आधी तयार झाला आणि आपांना नंतर बोलावले. सूरह निसामध्ये हिशेब स्पष्ट आहे. दोन भाऊ, एक बहीण : पाच हिस्से, दोन, दोन आणि एक. आमच्यापैकी एक जण तर रोज शाळेत अपूर्णांक शिकवतो.

त्या दिवशी सही झाली नाही. आपा म्हणाल्या, "मला घर आहे, मी काय करू?" आम्ही म्हणालो, "आधी तुमचा हक्क तुमच्या हातात येऊ द्या. मग ठेवा, नाहीतर द्या." पुढे जागेची किंमत काढून पाचव्या हिश्शाची रक्कम त्यांना दिली. आमचा वरचा मजला राहिला. राहू दे.

रोपे दोन-दोन फुटांवर, पाणी साचणार नाही अशा जागी लावली. तीन-चार महिने पाती तोडली नाहीत. आपांच्या पाचातली चार जगली. आता मनमाडच्या त्यांच्या गल्लीतली मुले पाती मागायला येतात.

वाचक भावांनो, यंदा पावसात ठोंब फोडायला काढाल तेव्हा कपाटातले घराचे कागदही एकदा काढून पाहा.