यादीतील एक ओळ

विद्यापीठांतील विभागांचे वार्षिक अहवाल आम्ही आवडीने वाचतो, असे सांगितले तर वाचक हसतील. त्यांत रस तो कोणता? अमुक प्राध्यापकांचे ग्रंथ, तमुकांचे निबंध, कोणा विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती, कोणाला डॉक्टरेट. परंतु वर्षावर्षांच्या याद्या शेजारी ठेवून वाचल्या, की एखाद्या घराण्याच्या वंशावळीसारखी कथा त्यांतून उलगडू लागते. महाराष्ट्राबाहेर आयुष्य काढणाऱ्या आमच्यासारख्यांना ती विशेष जवळची वाटते. कारण आपल्या प्रांताबाहेर आपली भाषा कशी जगते, हा आमच्या घरचाच प्रश्न आहे.

फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचेच पाहा. तेथे संस्कृतचे पंडित डब्ल्यू. नॉर्मन ब्राउन यांनी १९४८ साली दक्षिण आशियाच्या प्रादेशिक अध्ययनाचा स्वतंत्र विभाग उभारला. केवळ प्राचीन ग्रंथांवर न थांबता, प्रदेशाचा इतिहास, समाज आणि आजच्या बोलत्या भाषा एकत्र अभ्यासाव्यात, ही त्यामागची दृष्टी. पुढे १९६२ पासून एक मौजेची व्यवस्था जमली. अमेरिकेकडून घेतलेल्या धान्याचे मोल भारताने रुपयांत चुकते केले होते. त्या रकमेतून भारतीय भाषांतील नवी पुस्तके विकत घेऊन तिकडच्या विद्यापीठांना धाडली जाऊ लागली. गहू इकडे आला आणि मराठी ग्रंथ तिकडे गेले! या देवघेवीत तोटा कोणाचा झाला, असे आम्हांला तरी वाटत नाही.

याच विद्यापीठात १९६९ साली एलिनॉर झेलियट यांनी डॉ. आंबेडकर आणि महार चळवळ या विषयावर प्रबंध सादर केला. अहवालाच्या हिशेबी ही एका ओळीची गोष्ट. पण ती ओळ किती लांबली! त्यांचे निबंध १९९२ साली ग्रंथरूपाने आले. मूळ प्रबंध पुस्तक होऊन निघाला तो २००४ साली, म्हणजे पस्तीस वर्षांनी. तोवर दलित चळवळीचा अभ्यास करणाऱ्या कित्येकांनी त्याच प्रबंधाचे बोट धरले होते.

ॲन फेल्डहाउस यांनीही डॉक्टरेट येथलीच मिळवली. महानुभावांच्या सूत्रपाठावरील त्यांचा ग्रंथ १९८३ साली आला, आणि गोविंदप्रभूंच्या चरित्राचे इंग्रजी भाषांतर त्याच्या पुढच्याच वर्षी. डॉ. शं. गो. तुळपुळे यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेला प्राचीन मराठीचा कोश आमच्या टेबलावर असतो. लीळाचरित्र वाचताना शब्द अडला, की आमचा हात आपोआप तिकडे वळतो. तुळपुळे १९९४ साली निवर्तले. कोश छापून आला १९९९ साली. ज्या श्रमाचे फळ पाहण्यास करणारा स्वतः उरत नाही, त्याची नोंद कोणत्या वर्षाच्या अहवालात करावी?

म्हणून ग्रंथांची आणि पदव्यांची संख्या मोजून विभागाची थोरवी ठरविणे आम्हांला पटत नाही. मोजणाऱ्याला वर्ष पुरते. विद्येला पिढी लागते. विद्यार्थ्याचे यश हे बी आहे, आणि बियांची रास पाहून कोणी पिकाचा अंदाज करीत नाही.

आता जरा घरात पाहू. तंजावरच्या सरस्वती महालात मोडी कागदांची दप्तरे आहेत. ती वाचण्यास मराठी हवी, मोडी हवी आणि तमिळही हवी. सातासमुद्रांपलीकडून येऊन कोणी महानुभावांची सूत्रे शिकते. मग आमच्या बृहन्महाराष्ट्रात वाढलेल्या, दोन-दोन भाषा अंगणातच शिकलेल्या मुलांना हे काम का परके वाटावे? त्यांच्यापैकी एखाद्याने असा विषय घेतला, तर 'याने पोट भरेल काय?' हा प्रश्न आम्ही वडीलधाऱ्यांनी पहिल्याच दिवशी विचारू नये. दप्तरे पुष्कळ वाट पाहतात. पण कागदाला कसर लागते, आणि मोडी वाचणारे डोळेही थकत चालले आहेत.